वळणावरचं वजन

वडनेर भोलजी,
ता. १२ जून २०२४

आदरणीय जानराव काका,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, या पोराला आज पोस्टाची आठवण कशी झाली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर काही पाठवलं तर तुमच्याआधी घरभर वाचून होतं, असं तुम्हीच मागे लग्नात म्हणाला होता. शिवाय पुण्याच्या क्लबात बावीस वर्षं हेड माळी राहिलेल्या माणसाला विचारायचं, तर ते नीट कागदावरच विचारावं.

काम बरं चाललंय. मलकापूरच्या रस्त्याला भगवंतरावांचं लग्नाचं लॉन आहे आणि बुलढाण्याला एका कॉलेजचं मैदान. दोन्ही मी आणि सुवर्णा मिळून बघतो. कापणी माझी, पाणी, खत, निंदण तिचं. घाट चढून बुलढाण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, पण ती बरोबर असली की वेळ कसा जातो कळत नाही, कारण ती मला बोलूच देत नाही.

अडचण भगवंतरावांच्या लॉनची आहे. उन्हाळाभर लग्नं झाली, मांडवाचे ट्रक थेट गवतावर आले. तुम्ही दिलेली सायकलच्या चाकाची तार अजून माझ्या खिशात असते. मी चौथीत होतो तेव्हा पुण्याला आलो होतो, त्या वेळी तुम्ही कानशीने तिच्यावर तीन खुणा केल्या होत्या. तार हाताने मातीत टोचायची. तिसऱ्या खुणेपर्यंत गेली तर माती मोकळी, पहिल्याशीच अडली तर गवताचा श्वास कोंडलाय. इथे ती पहिल्या खुणेलाही पोचत नाही. पाणी वर तळं करून बसतं आणि खाली मुळं कोरडी.

आजवर आम्ही दोघं चार दातांच्या काट्याने टोचत होतो. यंदा भगवंतराव म्हणाले, "तायडे, पोळ्यानंतर मशीननं करा. नाई जमत तं सांगा, मी अकोल्याची पार्टी बोलावतो. तुळशीच्या लग्नाच्या आत मले लॉन हिरवं पायजे." म्हणजे मशीन नाही तर लॉनही नाही.

तेव्हा मागून चालत चालवायचं टोचणीचं मशीन, एरेटर, घ्यायचं ठरवलंय. तुम्ही कोणतं घेतलं असतं? आणि त्याचं वजन किती, ओळीच्या शेवटी वळवताना हातावर किती येतं, तेही कळवा.

उत्तर लॉनच्या पत्त्यावर पाठवा. पोस्टमन तिथे रोज येतो.

आपला,
संघपाल


पुणे,
२१ जून २०२४

प्रिय संघपाल,
जय भीम.

पत्र मिळालं. तुझ्या काकूला वाटलं वीजबिलाची नोटीस. हाताने लिहिलेला पत्ता बघून तिने दोनदा पाकीट उलटंसुलटं केलं. तार अजून सांभाळून आहेस हे वाचून बरं वाटलं. मी तर माझा चष्मा सांभाळू शकत नाही.

आता ऐक. (बहिरा माणूस दुसऱ्याला ऐक म्हणतोय, चालायचंच.) भरीव खिळ्यांचं यंत्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. खिळा भोक पाडतो आणि आजूबाजूची माती आणखी आवळतो. आपली काळी माती मुळातच हट्टी. दात पोकळ हवेत, मातीच्या गुल्ल्या उपटून बाहेर टाकणारे. अशी यंत्रं दोन जातीची. एक ढोलाचं: जड लोखंडी ढोल, त्यावर दात, वजनाने ते आत घुसतात. दुसरं नव्या चालीचं: शिलाई मशीनच्या सुईसारखे दात वरखाली होतात आणि यंत्र आपलं आपण पुढे चालतं. त्यात भाग फार. भाग फार तिथे कुरकुर फार.

मी ढोलाचंच चालवलं, तूही तेच घे. साखळीला तेल, बेअरिंगला ग्रीस, झिजले की दात बदल, बस. वजन शंभर किलोच्या वर. ओळ संपली की दांडा अंगाचा भार टाकून दाबायचा, दात उचलायचे, वळायचं, परत टेकवायचं. दिवसातून दोनशे वेळा. वजनाला काय घाबरतोस? वजन हेच त्याचं काम. हलकं यंत्र मातीवर नाचतं, आत जात नाही. तुझा बाप किसनराव मलकापूरच्या जिनात कापसाच्या गाठी सरकवायचा आणि तू बाईमाणसासारखा हातावर किती येतं विचारतोस!

पाऊस उघडला की दोन दिवस थांबून काम करायचं, चिखलात नाही. पाण्याच्या तोट्या गवतात लपलेल्या असतात, आधी त्यांच्याजवळ झेंड्या रोव. गुल्ल्या गोळा करू नकोस. भगवंतराव म्हणेल बकऱ्या बसवल्या का, म्हणू दे. आठ दिवसांत चुरा होऊन मातीत जातात. आणि कानात कापूस घाल. मी घातला नाही.

सुवर्णाला आशीर्वाद. तुझ्या लेकीला, छोट्या समताला सांग, आजोबा पुढच्या वेळी पेढे आणणार.

तुझा,
जानराव काका


वडनेर भोलजी,
३ जुलै २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचं "बाईमाणसासारखा" वाचलं आणि एकटाच हसलो. काका, बाईमाणसासाठीच विचारतोय. हे यंत्र मी चालवणार नाही. सुवर्णा चालवणार आहे.

फिरवून सांगत नाही. मार्चमध्ये बुलढाण्याच्या मैदानावर कापणी करताना दम लागून बसलो, तो तासभर उठता आलं नाही. पुढच्या आठवड्यात अकोल्याला एकटाच जाऊन तपासणी केली. मग नागपूरला, सुवर्णाला सांगितलं की गवताचं बियाणं बघायला जातो. दोन्हीकडे एकच निघालं. हृदयाचा स्नायू सैल पडलाय, रक्त पुढे ढकलत नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, खोटं बोलल्या नाहीत. हृदय बदलायचं का विचारलं तर माझ्या किडनीचे कागद बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, "गोळ्यांनी जितकं जाईल तितकं. वर्ष निघालं तर चांगलं म्हणा. वजन मात्र उचलायचं नाही."

सुवर्णाला सांगितलेलं नाही. गोळ्या ॲसिडिटीच्या म्हणून घेतो. तिला कळलं तर काय होईल मला पक्कं माहीत आहे. ती काट्यासकट सगळं तिथेच टाकेल आणि मला घेऊन दवाखाने पालथे घालेल. लॉन अकोल्याच्या पार्टीकडे जाईल. मग मी गेल्यावर तिच्याजवळ मीही नसेन आणि कामही नसेल. समता सहावीत आहे. शेती नाही, आहे ती ही कला. कापणीचं मशीन सुवर्णाला चालवता येतं. एकदा एरेटर तिच्या हाताखाली आलं, की तिला कोणाची गरज नाही.

म्हणून वजन विचारलं. तिची उंची पाच फूट, हाडापेराने बारीक. तिला एकटीला दोनशे वेळा वळवता येईल असं यंत्र मला सांगा. आणि हे तुमच्यामाझ्यात राहील असा शब्द द्या. यंत्र आलं, तिच्या हाती बसलं, की मी स्वतः सांगणार आहे.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी लिहिलं नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका.

आपला,
संघपाल


पुणे,
१३ जुलै २०२४

संघपाल,

तीन दिवस कागद समोर ठेवून बसलो होतो. काकूला म्हटलं डोळे आलेत.

मी तुझी थट्टा केली, तुझ्या बापाचं नाव घेऊन केली. मला माफ कर रे पोरा. तुला खांद्यावर बसवून क्लबच्या हिरवळीवर फिरवलेला माणूस मी, आणि मला हे वाचायला लागावं, हे काही बरोबर झालेलं नाही.

तू पुण्याला ये. इथे मोठे डॉक्टर आहेत. तू म्हणशील कागद पाहिले, मान हलवली. तरी ये.

सुवर्णाला सांग असं माझं मत आहे. नवऱ्याचं दुखणं बायकोला शेवटी कळावं, हे चांगलं नाही. पण तू शब्द मागितलास, तो मी देतो. देताना हात जड झाला एवढं लक्षात ठेव.

आता यंत्राचं. ढोलाचं विसर. काल दोन बस बदलून विक्रेत्याकडे गेलो. लटकता वजनकाटा बरोबर नेला होता. ढोलाच्या यंत्राच्या दांड्याला काटा अडकवून खाली ओढला तर दात उचलायला पस्तीस किलो लागले. मी डोक्याला हात लावला. एवढी वर्षं आपण हे करत होतो! मग दुसऱ्या जातीचं पाहिलं, वरखाली दातांचं. पुढे दोन चाकं, दात मागे. दुकानातला पोरगा खूप काही सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसले, कळलं काहीच नाही. काटा लावून वळवून पाहिलं. वीस किलो. तीनदा पाहिलं, वीसच. रुंदी कमी आहे, म्हणून ओळी जास्त होतील. पण छोट्या फाटकातून जातं आणि फळी टाकून गाडीत चढतं.

सुवर्णाला वीस किलो पेलतील का, हे तू तिथे बघ. पेलत असतील तर हेच घे. कुरकुर झाली तर मी येऊन बसेन तिच्याजवळ पाना घेऊन.

गोळ्या चुकवू नकोस.

तुझा काका


वडनेर भोलजी,
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

वीस किलो पेलतात! हे आधी सांगून टाकतो, बाकीचं नंतर.

बघायचं कसं, हा प्रश्न होता. तिला नुसतं "हे उचलून दाखव" म्हटलं असतं, तर तिने कारण विचारून माझ्या पोटातलं सगळं काढून घेतलं असतं. मग एक युक्ती केली. कापणीच्या मशीनच्या पुढच्या बाजूला वाळूची गोणी बांधली. वळताना दांडा दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. वजनकाट्याने मोजून आधी आठ किलो येईल एवढीच वाळू भरली. तिला म्हटलं, वजनाने कापणी सपाट होते. मग दर दोन दिवसांनी ती जेवायला बसली की मी थोडी वाळू वाढवायची. काल वीस झाले. तिने अख्खं लॉन कापलं. शेवटच्या ओळीला वळली तेव्हा मी निंबाखाली बसून दोनशे अकरा मोजलं.

शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या. परवा निंदणाच्या बायकांसमोर म्हणाली, "पाहा वं सिंधूताई, आमचे सायेब! निंबाखाली बसून राह्यतात अन् बायकोले बैलासारखी राबवतात." सगळ्या हसल्या, मीही हसलो. मग मला म्हणे, "हसून काय राह्यले? लाज नाई वाटत?" काका, ती रागावली की पदर कमरेला खोचते आणि मशीन असं काही वळवते की बघत राहावं. तिला वाटतं नवरा बसून फुकट बघतोय. मी फुकटच बघतो. एवढं निवांत बसून तिच्याकडे बघायला पंधरा वर्षांत कधी मिळालं होतं? तिच्या आवाजात जोर आहे, हातात जोर आहे. तिच्या शिव्या ऐकतो तेव्हा मला वाटतं, हिचं कोणी काही वाकडं करणार नाही. रात्री झोप चांगली लागते.

तर तेच यंत्र ठरवून टाका. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मलकापूरच्या ट्रान्सपोर्टला येईल असं करा. पुण्याला येणं आता होत नाही. बसमध्ये पाय सुजतात.

आपला,
संघपाल


वडनेर भोलजी,
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय काकाजी,
जय भीम.

मी तुमची सून सुवर्णा. तुमचा पत्ता लग्नपत्रिकेच्या वहीतून शोधला. यांना सांगितलेलं नाही.

तक्रार करायची माझी सवय नाही, पण आता कोणाला सांगू? मामाजी राहिले नाहीत, घरात मोठं माणूस नाही. हे तुमचंच ऐकतात.

यांचं काय बिनसलंय कळत नाही. उन्हाळ्यापासून कामाला हात लावणं सोडलंय. सकाळी लॉनवर येतात, निंबाखाली बसतात आणि मला चालवायला लावतात. मशीनला वाळूची गोणी बांधून ठेवली आहे. रोज जड होत चाललीय असं मला वाटतं. मी म्हणते काढा, तर काढू देत नाहीत. रात्री माझे खांदे ठणकतात. समता तेल लावून देते. मी काही बोलले तर नुसते हसतात. काकाजी, ते हसणं मला सहन होत नाही. भांडले असते तर बरं होतं. पंधरा वर्षं माझ्या हातातलं घमेलं ओढून घेणारा माणूस असा कसा झाला?

मलाही आता तोंड आवरत नाही. चारचौघांत बोलते आणि घरी आल्यावर वाईट वाटतं. तुम्ही यांना दोन शब्द लिहा. दारूचं नाही, ते मी वास घेऊन पाहिलंय.

आपली,
सुवर्णा


पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

चि. सुवर्णा,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणणं खरं आहे. मी त्याला चांगला दटावतो. पुरुषमाणसाचं वय झालं की असा आळस येतो, मनावर घेऊ नकोस. थोडे दिवस सांभाळून घे. नवीन यंत्र येतंय, मग सगळं मार्गी लागेल. खांद्याला गरम पाण्याने शेक.

जानराव काका


पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

संघपाल,

सुवर्णाचं पत्र आलं होतं. तिचे खांदे ठणकतात आणि ती रात्री रडते. असं तिने लिहिलं नाही, पण मला वाचता येतं. तिला मी सहा ओळींचं खोटं लिहिलं. तुला आळशी ठरवलं. आयुष्यात इतकं घाणेरडं पत्र मी लिहिलेलं नाही.

तिला सांग. यंत्राची वाट बघू नकोस. नाहीतर मला शब्दातून मोकळं कर.

काका


वडनेर भोलजी,
६ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचं रागावणं बरोबर आहे. गोणी त्याच दिवशी सोडून टाकली. सुवर्णा म्हणाली, "काकाजीची चिठ्ठी आली वाटते." म्हणजे तिनेच तुम्हाला लिहिलं हे तिने स्वतःच कबूल करून टाकलं. असं आहे ते माणूस, तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्याच पोटात राहिलं.

पोळा झाला. पायऱ्या चढताना आता मध्ये थांबावं लागतं. समताला म्हणतो, मोज बरं किती झाल्या, आणि ती मोजेपर्यंत दम खातो.

काका, आणखी सहा दिवस द्या. यंत्र बाराला येतंय. भगवंतरावांनाही मी सांगून ठेवलंय, काम सुवर्णाच करणार, पार्टी बोलावू नका. ते हो म्हणाले. ती पहिली ओळ मारून वळेल आणि मागे बघेल, तेव्हा मी उठून तिच्याजवळ जाईन आणि तिथेच सांगेन. तिच्या हातात दांडा असेल तर तिला धरायला काहीतरी असेल. घरात चुलीसमोर सांगवत नाही.

तुमची पत्रं लॉनच्या ऑफिसात, कपाटात काट्याच्या सुट्या दातांच्या डब्याखाली ठेवली आहेत. एकही फाडलं नाही.

आपला,
संघपाल


वडनेर भोलजी,
१४ ऑक्टोबर २०२४

काकाजी,
जय भीम.

आज धम्मचक्र दिन. विहारात सगळे जमले आहेत. मी समताला पाठवून घरी बसले आहे, तुम्हाला लिहायला.

तुम्ही यांच्या जलदान विधीला आला होतात. दोन दिवस राहिलात. माझ्यासमोर बसून रडत होतात. मला वाटलं पुतण्याच्या दुःखाने रडताहेत. मीच तुम्हाला पाणी दिलं, मीच पाठीवर हात ठेवला. काल लॉनच्या ऑफिसात कपाट आवरताना दातांच्या डब्याखाली तुमची पत्रं सापडली.

तुम्हाला जुलैपासून माहीत होतं. मी ऑगस्टमध्ये तुम्हाला विचारलं होतं. हात जोडून विचारलं होतं, काकाजी. तुम्ही मला लिहिलंत, आळस आहे, सांभाळून घे, खांदा शेक.

दहा सप्टेंबरला काय झालं ते मी विधीच्या वेळी कोणाला सांगितलं नाही, आता तुम्हाला सांगते. दुपारी चार वाजले होते. मी पाण्याचा पाइप ओढत होते, तो झाडाला अडकला. हे निंबाखाली बसलेले, पाइप यांच्यापासून चार पावलांवर. म्हटलं, "जरा सोडवा ना तो." म्हणाले, "सोडवतो, थोडं थांब." मला राग आला. मी म्हटलं, "राहू द्या. बसा तसेच. उठूच नोका." पाइप मीच सोडवला. तोट्या लावून अर्ध्या तासाने परत आले तर हे तसेच बसलेले होते.

उठूच नोका, म्हटलं मी त्यांले. थे माह्ये शेवटचे शब्द हायेत, काकाजी. तुमी मले एक ओळ लिवली असती तं मी तसं बोलली असती काय?

तिसऱ्या दिवशी यांच्या मोबाईलवर ट्रान्सपोर्टचा फोन आला, "संघपाल तायडेंचा माल आला आहे, घेऊन जा." मी फोन समताच्या हातात दिला. भगवंतरावांनी माणसं पाठवून यंत्र लॉनवर आणून ठेवलं. ताडपत्रीखाली उभं आहे. मी त्याला हात लावलेला नाही. भगवंतराव काही बोलत नाहीत, पण दिवाळी जवळ आली आणि तुळशीचं लग्न त्याच्यामागे.

तुमची पत्रं मी वाचली. यांनी तुम्हाला काय लिहिलं होतं, ते मला माहीत नाही. माझ्या नवऱ्याचं दुखणं मला तुमच्या उत्तरांतून कळलं.

सुवर्णा


पुणे,
२२ ऑक्टोबर २०२४

सुवर्णा बेटा,

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. मी शब्द पाळला आणि तुला फसवलं. म्हातारपणी माणसाला वाटतं की शब्द पाळला म्हणजे आपण शहाणे. तुझ्या पत्राचं उत्तर लिहिताना मला माहीत होतं की मी चुकतोय, तरी लिहिलं. माफी मागायची लाज वाटते, तरी मागतो.

विधीच्या वेळी तीनदा सांगायला तोंड उघडलं. तू पाण्याचा पेला दिलास आणि मला भ्याड माणसासारखं वाटलं, की आता काय उपयोग.

त्याची सगळी पत्रं बरोबर पाठवतो आहे. ही माझ्याकडे असण्याचा मला अधिकार नाही. चार ऑगस्टचं आधी वाच. तू त्याला बोलत होतीस तेव्हा तो काय करत होता, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. तुझे शब्द त्याला लागले असतील असं तुला वाटतं. मी साठ वर्षांच्या वर माणसं बघतोय, बेटा. शिव्या खाऊन इतका सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंत्राचं मी काही म्हणणार नाही. विकायचं असेल तर मी गिऱ्हाईक शोधतो.

जानराव


वडनेर भोलजी,
५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काकाजी,
जय भीम.

पत्रं मिळाली. चार ऑगस्टचं आधी वाचलं, मग सगळी. मग परत चार ऑगस्टचं. समतालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, बाबा पायऱ्या मोजायला लावायचे ते म्हणून होय. मला ते माहीतच नव्हतं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. पण यंत्राचं तुम्हालाच सांगायला पाहिजे, दुसरं कोणाला सांगू?

दिवाळीच्या चार दिवस आधी ताडपत्री काढली. आदल्या दिवशी लॉनला पाणी दिलं होतं. तोट्यांजवळ झेंड्या रोवल्या, समताच्या वहीच्या लाल पुठ्ठ्याच्या. यांची तार घेऊन टोचली, पहिल्या खुणेलाच अडली. कानात कापूस घातला. कमरेला पदर खोचला आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं.

पहिली ओळ सरळ गेली. मागे गुल्ल्या पडत होत्या, काळ्या, बोटाएवढ्या. निंबाजवळ ओळ संपली. मी पाय रोवले, खांदे घट्ट केले, दांड्यावर वीस किलोचा जोर लावला आणि यंत्र एकदम गर्रकन वळलं, मीच पडता पडता वाचले. काकाजी, तुमचे वीस किलो चुकले. तुम्ही दुकानात फरशीवर इंजिन बंद ठेवून ओढून पाहिलं असणार. त्या पोराचे ओठ हलत होते ते तुम्ही लिहिलंय, तो तेच सांगत असेल. इंजिन चालू असलं की चाकं आपली आपण वळतात, हात नुसता लावून ठेवायचा. पाच-सहा किलोही येत नाहीत. समताही वळवेल.

म्हणजे त्या गोणीची गरजच नव्हती. वाळू नको होती, खांदे दुखायला नको होते आणि मी बोलले ते काहीच नको होतं.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही काटा घेऊन दोन बस बदलून गेला होतात, ते मी वाचलंय. दोन म्हाताऱ्या-आजारी माणसांनी माझ्यासाठी केलेला हिशेब चुकला, एवढंच.

तीन दिवसांत लॉन पुरं झालं. भगवंतराव म्हणाले, "बकऱ्या बसवल्या काय वं?" मी म्हटलं, "राहू द्या, जिरतात." जिरल्या. आज सकाळी तार टोचली. तिसऱ्या खुणेपर्यंत गेली, एका बोटाने.

एक गोष्ट लिहायची राहिली. त्या पहिल्या वळणावर, यंत्र हलकं लागलं तेव्हा, मला इतका राग आला की मी इंजिन बंद केलं आणि निंबाकडे वळून जोरात ओरडले, "अवो, काहीच वजन नाई लागत याले! उगाच काऊन राबवलं मले?"

आणि उत्तर यायला पाहिजे म्हणून कानातला कापूस काढून उभी राहिले.

आपली,
सुवर्णा